चाळिशी लागली आणि रस्ता दिसला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललो ते बऱ्यापैकी तसंच ठेवलंय. फक्त माझं खोकणं आणि मधेच ओरडलेला भाजीवाला तेवढा काढून टाकलाय.

भागाच्या सुरुवातीला तुम्ही एक आवाज ऐकलात. खडक्, खडक्, खडक्, आणि मग डग-डग-डग. ती माझी १९८१ सालची येझदी २५०. तिसऱ्या किकला सुरू झाली, म्हणजे त्या दिवशी तिचा मूड चांगला होता. तुमच्यातल्या अनेकांनी गाडीला कधी किक मारलीच नसेल. बटण दाबलं की सुरू. त्यात वाईट काही नाही. पण आजची गोष्ट किकच्या जमान्यातली आहे आणि ती सांगायला मला माझ्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी पुण्याचा. वय ४९. वीसेक वर्षं जुन्या मोटरसायकली दुरुस्त करून पुन्हा नव्यासारख्या करणं हेच माझं काम होतं. जावा, येझदी, राजदूत, बुलेट. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सकाळी सकाळी जायचं, भंगाराच्या ढिगात हात घालायचा आणि एखादा मूळ हेडलाइटचा काच किंवा जावाचा खरा टूलबॉक्स मिळाला की लॉटरी लागल्यासारखं घरी यायचं. बायको म्हणायची, "तुम्ही बाजारातून भाजी सोडून सगळं आणता."

मग एका कामानं हे सगळं हललं.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून एक मुलगा राजदूत घेऊन आला. त्याच्या वडिलांची गाडी. वडील जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते, आता रिटायर. त्यांच्या पंचाहत्तरीला गाडी नवीकोरी करून द्यायची होती. गाडीची अवस्था म्हणजे मडगार्ड गंजलेलं, सीट उंदरांनी खाल्लेली, टाकीला उजव्या बाजूनं हा मोठा पोचा. मी सात महिने घेतले. इंजिन पूर्ण खोललं, बोअरिंग करून नवा पिस्टन टाकला, पत्र्याचं काम केलं, टाकीला लांबी भरून घासून पुसून आरशासारखी केली. मूळ रंगाचा नेमका शेड मिळवायला तीन पेंटर पालथे घातले.

वाढदिवसाला मी स्वतः गाडी घेऊन गेलो. आबा, सगळे त्यांना आबाच म्हणतात, खुर्चीतून उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली. टाकीच्या उजव्या बाजूवरून हात फिरवला. परत फिरवला. मग म्हणाले, "लै झ्याक केलीस रं. पण ही माझी गाडी न्हाई."

लोक हसले. मीही हसलो. पण परत येताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत ते वाक्य कानातून जाईना. सात महिन्यांत एकही पार्ट चुकीचा लावला नव्हता. मग माझं चुकलं काय?

आता जरा मागे जाऊ. या गाड्या आपल्याकडे आल्या कशा ते पाहिलं की आबांचं म्हणणं कळायला मदत होईल.

जावा ही मूळ चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली फ्रांतिशेक यानेचेक या माणसानं जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले. यानेचेकमधला 'या' आणि वांडररमधला 'वा', झालं 'यावा'. आपण इंग्रजी अक्षरं वाचून त्याचं 'जावा' केलं. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यात असताना तिथल्या लोकांनी लपूनछपून एका नव्या २५० सीसी गाडीवर काम केलं आणि युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ती जगासमोर आणली. तिचं नाव पेराक. आपल्याकडे पुढे आलेली जावा ही तिच्याच घराण्यातली.

मुंबईत रुस्तम आणि फारोख इराणी या गाड्या आयात करून विकायचे. पन्नाशीच्या दशकात सरकारनं आयातीवर बंधनं आणली, तेव्हा त्यांनी ठरवलं की गाडी इथेच बनवायची. म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला. १९६१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं ते जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते, म्हणजे म्हैसूरचे माजी महाराज आणि तेव्हाचे राज्यपाल. पुढे १९७३ पासून गाडीवर 'येझदी' हे नाव आलं. इराणमध्ये याझ्द नावाचं शहर आहे. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी इराणी कुटुंबांची मुळं त्या शहरात आणि आसपासच्या गावांत सापडतात. आणि गंमत बघा, चेक भाषेत 'येझ्दी' या क्रियापदाचा अर्थ आहे 'गाडीनं जातो, फिरतो'. मी वीस वर्षं ज्या गाड्या झाकून ठेवत होतो, त्यांच्या नावातच फिरणं होतं!

त्याच सुमारास मद्रासला एनफिल्डची जुळणी सुरू झाली होती, १९५५ मध्ये. आणि साठच्या दशकात एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत आणली. राजदूत हलकी, चिवट, खेड्याला मानवणारी. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली राजदूत तुमच्या आजोबांनी नक्की पाहिली असेल.

या सगळ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट समान होती. मालकाला थोडं तरी मेस्त्री व्हावंच लागायचं. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, लिटरमागे तीस-चाळीस मिली. जास्त झालं की धूर आणि प्लग काळा, कमी झालं की पिस्टन जाम. इंजिनच्या बाजूच्या झाकणाखाली एक कॉन्टॅक्ट पॉइंट असायचा. तो उघडझाप करतो तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. त्यातली फट ०.४ मिलीमीटर. ती सरकली की गाडी रुसली. म्हणून डिकीत पाना, पक्कड, जादा प्लग, पॉलिश पेपर असायचाच. घरून निघताना लोक देवाला नमस्कार करायचे आणि टूलकिट तपासायचे. म्हणजे त्या काळात दुरुस्ती आणि प्रवास ही दोन कामं नव्हतीच. एकाच माणसानं, एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर ती करायची.

१९८५ मध्ये हे बदललं. हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, १०० सीसी, ऑइल मिसळायची भानगड नाही, आणि मायलेज असं की लोकांचा विश्वास बसेना. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरातच होती. त्याच साली यामाहाची आरएक्स १०० आली. मध्यमवर्गाला हेच तर हवं होतं, आणि बरोबरच होतं. सकाळी साडेनऊला ऑफिस गाठायचं असेल तर पॉइंट घासत कोण बसणार? १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

आणि मग काय झालं? चालवणारा वेगळा झाला आणि दुरुस्त करणारा वेगळा. जुन्या गाड्या आधी किलोच्या भावानं भंगारात गेल्या, आणि उरल्या त्या वीस वर्षांनी 'विंटेज' झाल्या. तिथे माझ्यासारख्यांचा धंदा सुरू झाला. मी ते काम कमी लेखत नाही हं. आमच्यासारख्यांनी भंगारातून उचलल्या म्हणून तर त्या आज आहेत. पण आमच्या हातून एक गोष्ट व्हायला लागली. आम्ही गाडीला तिच्या जन्माच्या दिवसापर्यंत मागे नेत होतो, आणि जन्मानंतरचं तिचं सगळं आयुष्य घासून टाकत होतो.

कायद्यानंही हेच पक्कं केलं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. वेगळी नंबरप्लेट मिळते. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. आबांच्या मुलाला राजदूतची अशीच नोंदणी करायची होती. कागद मीच जमवून देणार होतो.

त्याच वर्षी मला चाळिशी लागली. म्हणजे वय नाही, ते तर केव्हाच झालं होतं. चष्मा! पॉइंटमधली फट दिसेना. कार्बोरेटरच्या जेटचं भोक दिसेना. डॉक्टर म्हणाले, "जवळचं गेलंय, लांबचं एकदम उत्तम आहे." दवाखान्यातून बाहेर आलो, समोर सिंहगडाच्या बाजूचा डोंगर लख्ख दिसत होता. मला हसू आलं. शरीर सांगतंय ते इतकं सरळ असेल तर ऐकायला काय हरकत आहे?

चाळिशीच्या आसपास रस्त्याला लागलेला मी काही पहिला नाही. रॉबर्ट पर्सिग हा अमेरिकन लेखक १९६८ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, अकरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून होंडावरून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेला. त्यावरच्या त्याच्या पुस्तकात मोटरसायकल दुरुस्त करणं आणि जगणं यांचाच विचार आहे. टेड सायमन हा ब्रिटिश पत्रकार १९७३ मध्ये ट्रायम्फवरून जगप्रवासाला निघाला तेव्हा ४२ वर्षांचा होता. चार वर्षं फिरला, वाटेत भारतही आला. त्याची गाडी कितीदा बंद पडली याचा हिशेब नाही, आणि गाडी बंद पडली की माणसं भेटायची. सत्तरीला टेकल्यावर तो तोच प्रवास करायला परत निघाला!

मी एवढं काही करणार नव्हतो. मी ठरवलं, आपल्या येझदीला तिच्या माहेरी न्यायचं. पुणे ते म्हैसूर. जाऊन येऊन अठराशे किलोमीटरच्या आसपास. ही माझी एकच गाडी मी कधी नवी केली नव्हती. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून वेळच मिळाला नव्हता. बायको म्हणाली, "जा. पण दर दोनशे किलोमीटरला फोन. आणि गुडघ्याला पट्टा."

डिसेंबर होता. पहाटे निघालो. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव. ताशी ५५-६० च्या वर गेलो नाही. ट्रक मला मागे टाकत होते, एकदा तर ट्रॅक्टरनंही टाकलं, ते जाऊ दे. पण एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली. चहाला थांबलो की पाच मिनिटांत कुणीतरी यायचंच, बहुतेक पन्नाशीच्या पुढचं. कागलजवळ एकजण म्हणाला, "आमच्या वडलांची हुती. आईला बाळंतपणाला याच गाडीवरनं नेलं, आन् त्यात मी झालो." निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं टाकीवर हात ठेवून नुसतं डोळे मिटले. प्रदर्शनात माझ्या गाड्या शेकड्यानं लोकांनी पाहिल्यात, पण तिथे विचारायचे, "केवढ्याला द्याल?" उभ्या गाडीची लोक किंमत विचारत होते. चालती गाडी बघून आपलं आयुष्य सांगत होते.

दुसऱ्या दिवशी हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग पार केलं आणि हिरियूरच्या अलीकडे संध्याकाळी गाडी फट्-फट् करून बंद पडली. गरम झाल्यावरच बंद पडते आणि पॉइंटवर निळसर ठिणगी उडते, म्हणजे कंडेन्सर गेला. जादा कंडेन्सर होता बरोबर. म्हटलं दहा मिनिटांचं काम. चष्म्यासाठी खिशात हात घातला. चष्मा नाही! दावणगेऱ्याच्या हॉटेलात डोशाच्या ताटाशेजारी राहिला होता.

वीस वर्षं हे काम केलेला माणूस मी, आणि स्वतःच्या गाडीचा पॉइंट मला दिसत नव्हता. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं. शेजारी पंक्चरचं दुकान होतं, तिथला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा आला. त्याला कन्नड आणि थोडी हिंदी, मला मराठी आणि थोडी हिंदी. त्यानं झाकणाखाली डोकावून विचारलं, "इसमें कॉम्प्युटर किधर है?" त्याचंही बरोबर. २०२० नंतरच्या नव्या गाड्यांत इंजेक्शन आणि सेन्सर, त्यानं तेच पाहिलेलं. मी त्याच्या हातात फिलर गेज दिला. तो मोबाईलचा टॉर्च धरून बघणार, मी सांगणार. "पट्टी अडकून निघाली पाहिजे, घट्ट नको, ढिली नको." तीनदा चुकला. चौथ्यांदा किक मारली आणि डग-डग-डग. तो पोरगा असा नाचला की जणू त्यानंच गाडी बनवली. पैसे घेईना. एक चक्कर मारू दे म्हणाला. दिली.

तिसऱ्या दिवशी हुळियार, नागमंगल, श्रीरंगपट्टण करत म्हैसूर. यादवगिरीत हळूहळू चालवत गेलो. तिथे बघायला कारखाना उरलेला नाही हे मला माहीत होतं. तरी एका झाडाखाली गाडी चालू ठेवून उभा राहिलो. समोरच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ लुंगीतच बाहेर आले. कारखान्यात होते. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही आधी. कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "टायमिंग थोडा लेट है." मग विचारलं, "ट्रक में लाया?" मी म्हटलं, "नाही, चालवत. पुण्याहून." त्यांनी गाडीकडे तेव्हा पाहिलं. रंग उडालेला, मडगार्डवर चिखल, सायलेन्सर तेलकट. दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही. आत नेऊन कॉफी दिली. टायमिंग मी त्यांच्यासमोरच नीट केलं. या वेळी डोळे त्यांच्या नातवाचे.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे आबांकडे गेलो. म्हटलं, "आबा, गाडी काढायची. तुम्ही मागं बसायचं आणि रस्ता सांगायचा." मुलगा म्हणाला, रंग खराब होईल. आबांनी टोपी घातली होती तोवर.

दहिवडीहून निघालो. आबा पाठीमागून बोलत होते. १९७२ चा दुष्काळ. माणगंगा कोरडी ठाक. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडतायत, मिलो आणि सुकडीवर जगतायत, आणि जनावरं छावणीत. आबा तेव्हा नव्यानं नोकरीला लागलेले. बर्फाच्या थर्मासात घटसर्प आणि फऱ्याची लस घालायची, थर्मास टाकीवर बांधायचा आणि छावणीमागून छावणी करायची. म्हसवडच्या रस्त्यावर एका माळाशी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब. हितं."

तिथे काहीच नव्हतं. बाभळी आणि दगड. आबा म्हणाले, इथे छावणी होती. एका खिलार बैलाला सुई टोचली, तो बिथरला आणि शिंग टाकीवर आलं. थर्मास वाचला, टाकीला पोचा पडला. बैलाचा मालक घाबरला. साहेबाची गाडी! भरून द्यायला खिशात दमडी नव्हती. तो पळत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. त्या वर्षी तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते मला विचारू नका, आबांना विचारा. आबांनी अर्धं प्यायलं, अर्धं त्याच बैलाला पाजलं. पुढे पैसे आले तरी आबांनी पोचा काढला नाही. पन्नास वर्षं.

आणि मी त्यात लांबी भरली होती.

मी माफी मागितली. आबा म्हणाले, "अरं तुला काय ठावं. तू इचारलं न्हाईस, म्या सांगितलं न्हाई." त्या एका वाक्यात माझ्या वीस वर्षांच्या कामातली चूक आहे. मी प्रत्येक गाडीचा इंजिन नंबर विचारला, चेसिस नंबर विचारला. ती कुठे कुठे गेली होती हे एकदाही विचारलं नाही.

परतताना मार्डीच्या अलीकडे खडीवर गाडी घसरली. पडलो नाही, पण एका दगडानं साइड पॅनेलवर पांढरी रेघ ओढली. माझ्या पोटात गोळा आला. आबा उतरले, रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता कुठं कामाला लागली ती."

विंटेजची नोंदणी मुलानं केली नाही. मी माझा लेथ आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे शिकलेल्या पोराला दिली. त्याचे डोळे चांगले आहेत. त्याला एकच अट घातली. गाडी खोलायच्या आधी मालकाला तासभर बोलतं करायचं आणि रेकॉर्ड करायचं. कुठला पोचा ठेवायचा, कुठला काढायचा, ते मालक ठरवणार. मी आता वर्षातले तीन-चार महिने रस्त्यावर असतो. पुढची वारी नर्मदेकाठानं आहे. चष्मे तीन घेतलेत, एक हेल्मेटला बांधून.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या घरात, मामाकडे, गावाकडच्या पडवीत एखादी जुनी गाडी असेल. ती विकायच्या किंवा रंगवायच्या आधी, ती ज्यांनी चालवली त्यांच्यासमोर बसा. तुमच्या हातात फोन आहे, त्यात रेकॉर्डर आहे. एकच प्रश्न विचारा, "ही कुठं कुठं गेली होती?" मग गप्प बसा आणि ऐका. आबांचं रेकॉर्डिंग दोन तास चाळीस मिनिटांचं झालंय. त्यांच्या परवानगीनं पुढच्या भागात त्यातला थोडा भाग तुम्हाला ऐकवतो.

तोवर हेल्मेट घाला, आणि टूलकिट तपासा. भेटू.